कुसगावला, गाणी ऐकायला

लोणावळ्याला लोक पाऊस पडत असताना जातात, नाहीतर पाऊस नुकताच गेलेला असताना. मी गेले मार्गशीर्षात, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. धबधबे आटलेले, डोंगर पिवळे पडलेले, आणि चिक्कीच्या दुकानांतली माणसं दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसलेली. निघायच्या आधी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलं, आता तिथं बघायला काय असतं? मी म्हटलं, एका ओळखीच्या बाईंकडे चाललेय. कोण बाई, कुठली ओळख, हे त्यांना सांगणं अवघड होतं, कारण नलिनीला मी तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

मी मिरजेची. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी तयार होतात. दुकानांबाहेर मोठाले भोपळे टांगलेले असतात, आणि गल्लीत कुणी भाजी निवडताना गुणगुणलं तरी त्याला रागाचं नाव देता येतं. अशा गावात राहून मला आवडतं ते अमेरिकेतलं कंट्री संगीत आणि विलायतेतला रॉक. हे खूळ शेजारच्या केरळी नर्सबाईंनी लावलं. त्या मिशनच्या दवाखान्यात होत्या. संध्याकाळी गणवेशाला इस्त्री करताना टेप लावायच्या. मी शाळकरी, शब्द एकही कळायचा नाही. पण त्या गाण्यात तारेवरून काहीतरी हळूच घसरत जायचं आणि मी अभ्यास सोडून भिंतीला कान लावायचे. ती स्टील गिटार हे फार पुढे कळलं. बाई बदली होऊन गेल्या तेव्हा कॅसेट मला देऊन गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षं मी एकटीच ऐकत होते.

एकटीनं ऐकण्याचं मला कधी मोठं दुःख वाटलं नाही, पण सवयही झाली नाही. लग्न केलं नाही. शाळेत भूगोल शिकवला. सहलीच्या बसमध्ये पोरी म्हणायच्या, बाई, तुमच्या आवडीचं लावा, आणि मी मुकाट्यानं एखादं सिनेमातलं सांगायचे. आपल्याला जे अगदी आतून आवडतं ते चार जणांत लावावं आणि कुणीतरी मध्येच आवाज कमी करावा, याची मला धास्ती वाटायची.

नलिनी मला भेटली ती इंटरनेटवर, एका जुन्या कंट्री गाण्याच्या खाली. जगभरच्या लोकांनी इंग्रजीत काय काय लिहिलं होतं, आणि त्यात मध्येच एक ओळ देवनागरीत: ‘भात काढून झाल्यावर खाचरात एकटं उभं राहावं तसं वाटतं हे ऐकून.’ मी त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग खाली लिहिलं, आमच्याकडे भात नाही, ज्वारी आहे, पण वाटतं तसंच. तिथून सुरू झालं. रोज रात्री जेवणं झाली की एक गाणं ती पाठवायची, एक मी. खाली दोन ओळी. एकमेकींना पहिल्या आठवड्यातच ‘तू’ म्हणायला लागलो. फोनवर मात्र कधी बोललो नाही. तिनं आयुष्यभर एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं होतं, आणि फोन म्हटला की अंगावर काटा येतो असं ती लिहायची. मला ते पटायचं.

आमच्या आवडत्या बँडना आणि गायकांना आम्ही आमची नावं ठेवली होती. इथंही तीच लिहिते, खरी नावं सांगितली की लोक लगेच आपापली मतं सांगायला लागतात. विलायतेतल्या एका कापडगिरणीच्या गावातले चौघे, ते ‘गिरणीवाले’. ते नलिनीचे. त्यांच्यातले गाणारे दोघे भाऊ एकमेकांशी भांडून वेगळे झाले तेव्हा तिनं मला लिहिलं होतं की घरातलं कुणी वाटण्या करून गेल्यासारखं वाटतंय. माझे ते ‘आबा’. खर्जात गाणारा कंट्रीवाला म्हातारा, प्रत्येक ओळ म्हणून झाली की जरा थांबतो, पुढची म्हणावी की नको असं ठरवत असल्यासारखा. आणि दोघींची मिळून ‘मावशी’, जी नवरा, भांडी आणि वाळत घातलेले कपडे यांच्यावर गाते आणि रडवते. ट्रक, झेंडे आणि दारू यांच्यावरचं ढोबळ कंट्री मला सहन होत नाही. हजारो लोकांनी हात वर करून म्हणायचा रॉकही नाही. ज्या गाण्यात ड्रम वाजवणारा वाट बघतो, ते माझं गाणं. नलिनी म्हणायची, तुला रॉकमध्येसुद्धा कंट्रीच हवं असतं. ते खरं असावं.

तर अशा बाईला भेटायला मी निघाले. बॅगेत भडंग होतं, आणि तिच्यासाठी घेतलेला एक लहानसा, पण चांगल्या आवाजाचा स्पीकर.

लोणावळा

स्टेशनवर ती पुलाखाली उभी होती. उंच, सडपातळ, पंजाबी ड्रेसवर विणलेला स्वेटर, पांढरे केस कानांवर येतील असे कापलेले. मी हात केला. ती हसत पुढे आली आणि म्हणाली, “या. प्रवास ठीक झाला ना तुमचा?”

इतकी वर्षं ‘तू’ म्हणणारी बाई समोर आल्यावर ‘तुम्ही’ म्हणाली, आणि मीही म्हटलं, “हो, तुम्हाला फार वेळ थांबावं लागलं का?” तिनं उत्तर दिलं, “हो, थंडी आहे ना.” मला वाटलं, बावरलीय. मी स्वतःही बावरले होते.

रिक्षात मी बोलत होते आणि ती सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. दाताला काही लागलंय की काय म्हणून मी दोनदा रुमालानं तोंड पुसलं. बाजारपेठ रिकामी होती. एका दुकानाबाहेर चिक्कीचे डबे रचून ठेवलेले आणि आतला माणूस मोबाइलवर क्रिकेट बघत होता. तिनं तिथं रिक्षा थांबवून शेंगदाण्याची चिक्की घेतली. म्हणाली, इथले लोक ही खात नाहीत, पाहुण्यांसाठीच घेतात. मी म्हटलं, मिरजेतही घरोघरी तंबोरा नसतो. त्यावर ती हसली नाही. विनोद तसा बेताचाच होता.

कुसगाव

नलिनीचं घर मोठ्या हॉटेलांच्या मागच्या गल्लीत. पुढच्या बाजूला रंगीत दिव्यांच्या कमानी आणि निळ्या ताडपत्र्या घातलेले पोहण्याचे तलाव. मागं आलं की किराण्याचं दुकान, पिठाची गिरणी, उन्हात टाकलेल्या गोधड्या. दोन खोल्या आणि पुढं पडवी. एका भिंतीवर फळ्या ठोकून त्यावर कॅसेट रचलेल्या. हॉटेलात उतरलेली माणसं खोल्यांमध्ये विसरून जायची. कुणी मागायला आलं नाही की साफसफाईवाल्या बायका त्या नलिनीला आणून द्यायच्या. तिचा सगळा रॉक असा, अनोळखी माणसांनी विसरलेला.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी होती, ओल्या पावट्यांची उसळ आणि इंद्रायणीचा मऊ भात. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, खरपूस. ही पांढरीशुभ्र, हातात घेतली की लोंबणारी. मी तिसरी घेतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळखीचं हसू दिसलं, ते मला लिहिण्यातून माहीत असलेलं.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी स्पीकर काढला. तिनं तो हातात फिरवून बघितला, छान आहे म्हणाली, आणि खिडकीत ठेवला. मी म्हटलं, पहिलं गाणं तुझ्या गिरणीवाल्यांचं. मी नकळत पुन्हा ‘तू’वर आले होते. गाणं त्यांचं सगळ्यात जुनं लावलं, ते ज्यात शेवटी एकेक वाद्य गप्प होत जातं. ती डोळे मिटून बसली. बशीच्या कडेवर एक बोट हळूहळू आपटत होती. मला वाटलं, यासाठी आले होते मी. एका खोलीत, एकाच वेळी, दोघींनी तेच ऐकणं. माझ्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता.

मग लक्षात आलं, तिचं बोट तालात नाही. थोडं पुढं, थोडं मागं. असतात अशी माणसं, मी स्वतःला सांगितलं. गाणं संपत आलं. गिटार गेली, मग दुसरी गेली, शेवटी ड्रमही थांबला. खोलीत गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज तेवढा येत होता. नलिनीचं बोट बशीवर चालूच होतं.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ताडलं आणि बोट थांबवलं. “सुंदर,” ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. मी दुसरं गाणं लावलं नाही. तिनंही लाव म्हटलं नाही.

लोहगडवाडी

दुसऱ्या दिवशी तिनंच ठरवलं होतं की लोहगडवाडीला जायचं. किल्ला चढायचा आग्रह नव्हता, पायथ्याशी बसून भाकरी खायची आणि परत यायचं. रिक्षावाल्यानं चढणीवर दोनदा थांबून इंजिनाला विश्रांती दिली. खाली पवनेचं पाणी दिसत होतं, करडं, हलत नसल्यासारखं. कापून झालेल्या भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली. तिनं मला पहिल्यांदा जी ओळ लिहिली होती ती इथं कुठंतरी उभं राहून सुचली असणार.

वाडीत शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते म्हणे. त्या दिवशी एकच टपरी उघडी होती. टपरीवाल्या बाईचं नाव सखूबाई. चुलीत काटक्या सारत तिनं आम्हाला बाकावर बसवलं आणि विचारलं, “तुमी दोगी भैनी का?”

नलिनी समोर डोंगराकडे बघत होती. वारा इतका होता की टपरीचं प्लास्टिक फडफडत होतं. तिनं उत्तर दिलं नाही, म्हणून मीच सांगितलं, “न्हाई, मैत्रिणी.” सखूबाई म्हणाली की हितं लोक शनिवारी येतात, गाड्यांतनं गाणी लावतात लय मोठ्यानं, गुरं बुजतात. आज कसं निवांत हाय.

तेवढ्यात नलिनीनं केसांत हात घातला आणि दोन्ही कानांमागून एकेक बारीकसं मशीन काढलं. ओढणीच्या टोकानं पुसून मुठीत धरलं.

“वाऱ्यात नुसता खरखराट होतो यात,” ती म्हणाली. जरा मोठ्यानंच, स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेल्या माणसासारखी. “काल तुला कळलंच. सांगायला हवं होतं मी. दोन वर्षं झाली, मंदा. समोर बसून बोललं तर या मशीनमधून कळतं. गाणं नाही कळत. गाणं लावलं की पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवतंय असं वाटतं. कुठलंही लाव, सारखंच.”

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. तिला ते ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून समजलं असावं. म्हणाली, पुण्याला दाखवलं, सगळं करून झालं. यापेक्षा बरं व्हायचं नाही.

मला तिची कीव यायला हवी होती. ती आली, पण नंतर. आधी आला तो राग. दोन वर्षं रोज रात्री मी गाणं पाठवत होते. पाठवण्याआधी चार-पाच वेळा ऐकून, तिला हे आवडेल की ते, असा विचार करून. आणि पलीकडून येत होतं: छान, शेवट फार आवडला. दोन वर्षांत तिनं पाठवलेलं एकही गाणं नवं नव्हतं, हेही आता कळलं. मी कुणाबरोबर तरी ऐकतेय असं समजत होते, आणि त्या सगळ्या रात्री मी पुन्हा एकटीच होते. ते मला माहीतसुद्धा नव्हतं.

मी उठले आणि किल्ल्याच्या वाटेनं चालायला लागले. पहिल्या दरवाजाच्या अलीकडे गुडघे बोलायला लागले तशी एका पायरीवर बसले. वर कुणी नव्हतं. गवत वाऱ्यानं एका बाजूला झोपलेलं. खाली टपरीचं निळं प्लास्टिक आणि बाकावर तिचा स्वेटर दिसत होता. ती वळून बघत नव्हती. मी हाक मारली असती तरी तिला कळलं नसतं. हा विचार मनात आला आणि राग ओसरला. त्याच्या जागी काय आलं ते नीट सांगता येत नाही. शाळेत वर्ग रिकामा झाल्यावर फळा पुसताना जसं वाटायचं, तसं काहीसं.

परत आले तेव्हा सखूबाईनं भाकऱ्या चुलीच्या कडेला उभ्या करून गरम ठेवल्या होत्या. पिठलं, ठेचा, चिरलेला कांदा. “ह्या म्हनल्या, त्या येतील तवा वाढ,” एवढंच ती बोलली.

जेवून झाल्यावर नलिनीनं मशीन पुन्हा कानात घातलं आणि टपरीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी, माझ्यासमोर येऊन बसली. मी विचारलं, “मग रोज उत्तर कशाला द्यायचीस? सांगायचंस ना, नको पाठवू.”

“तू गाण्याखाली दोन ओळी लिहायचीस ना,” ती म्हणाली. “त्या वाचायचे. कळलं असतं तर तू पाठवणं बंद केलं असतंस.”

मी म्हटलं, नसतं केलं. ती म्हणाली, “केलं असतंस. दयेपोटी.” यावर मला खोटं बोलता आलं नाही.

परंदवडी

तिसऱ्या दिवशी नलिनीच्या भावाकडे परंदवडीला जेवायला जायचं होतं. न जाण्याचं काही कारण सुचेना म्हणून गेलो. सोमाटण्यापाशी महामार्ग सोडला की इकडं उसाचा फड, तिकडं कारखान्याची लांबलचक पत्र्याची शेड, मध्ये मेथीचे वाफे, असं सगळं एकमेकांत घुसलेलं. घरात शिरताना ‘जय भीम’ झालं, पाणी आलं, आणि नलिनीच्या भाच्यानं, विनोदनं, मला विचारलं, “मावशी, तुमाला बँजो लय आवडतो म्हणं? आत्या सांगत व्हती. आमचीच पार्टी हाय.”

मी क्षणभर हरखले. माझ्या आबांच्या गाण्यात मागं बँजो असतो, बोटांनी छेडलेला, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. इथं परंदवडीत बँजो? विनोद मला शेजारच्या खोलीत घेऊन गेला. तो कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत आणि जयंतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी चालवतो. त्याचा बँजो म्हणजे टंकलेखन यंत्रासारखी बटणं लावलेली एक लांबट पेटी, तिच्या तारा, आणि तिथून निघून कपाटाएवढ्या स्पीकरला जोडलेली वायर. मिरजेतही वरातीपुढं हा बँजो मी शेकडो वेळा ऐकलेला, खिडकी लावून घेत. नाव तेच आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी त्याला फोनवर आबांचं गाणं ऐकवलं. त्यानं मन लावून ऐकलं, ह्यो बँजो येगळाच हाय म्हणाला, आणि बटणांवर ती सुरावट शोधायला लागला. बरीचशी मिळाली. मधली एक उडी काही केल्या बसेना. मग त्याच्या जोडीदारानं ताशाचा ताल धरला, विनोदनं वेग वाढवला, आणि माझ्या म्हाताऱ्याचं ते थांबत थांबत चालणारं गाणं वरातीत नाचायला लागलं. भिंती हादरत होत्या. ते वाईट होतं की चांगलं, मला सांगता येणार नाही. मला हसू येत होतं आणि कानांवर हात ठेवावेसे वाटत होते.

नलिनी दाराशी बसली होती, मशीन काढून पर्समध्ये टाकलेलं. त्या खोलीत तेवढी तीच आरामात होती. मला वाटलं, निदान हे तरी तिला अंगात जाणवत असेल, जमिनीतून, भिंतीतून. वादन थांबल्यावर मी तिला खुणेनं विचारलं, छातीवर हात ठेवून.

“हो, धडधड कळते,” ती म्हणाली. “ट्रक गेला तरी कळते. त्याला गाणं म्हणतात का?”

विनोदचा चेहरा पडला. तिनं ते पाहिलं, उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली की पोरगा माझा, लहानपणी माझ्याच कॅसेटवर ताल धरायला शिकला. जेवायला मटणाचा रस्सा आणि भात होता. विनोदच्या बायकोनं मला वाढता वाढता हळूच सांगितलं, “आत्या आता लग्नाकार्यात येत न्हाईत. लोक बोलतात ते समजत न्हाई, मग नुसतं हसत बसाया लागतं.” मी पान संपवलं. चव चांगली होती.

परत येताना अंधार पडायच्या आत कुसगावला पोचलो.

पुन्हा कुसगाव

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी नलिनी पडवीत पावटे सोलत बसली. मी बॅग भरत होते. तिनं आतमध्ये न बघताच विचारलं, “गिरणीवाल्यांचं नवं आलंय ना?”

आलं होतं. इतक्या वर्षांनी, भांडणं मिटवून, चौघांनी मिळून केलेला अल्बम. मी तो मुद्दाम ऐकला नव्हता. तिच्याबरोबर ऐकावा म्हणून ठेवला होता, आणि आल्या दिवशीच्या त्या संध्याकाळनंतर त्याचं नावच काढलं नव्हतं.

“ऐक,” ती म्हणाली. “आत्ता. इथं बसून. मग मला सांग.”

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, इयरफोन घातले आणि अल्बम सुरू केला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. शेंगा सोलत राहिली. दाणे एका भांड्यात, सालं सुपात. गल्लीतून दळण घेऊन जाणारी एक बाई नलिनीशी दोन शब्द बोलली, हसली. माझ्या कानांत मात्र ती चार माणसं होती ज्यांना तिनं माझ्याहून जास्त जीव लावला होता. आणि ती माणसं चांगली गात होती. मला वाटत होतं, वाईट निघावं. वाईट निघालं असतं तर सांगणं सोपं होतं. तिचं काही गेलं नाही असं म्हणता आलं असतं.

संपल्यावर मी इयरफोन काढून तिच्यासमोर, अगदी जवळ बसले.

“चांगलं आहे का?” तिनं विचारलं.

“चांगलं आहे.”

तिनं आणखी एक शेंग सोलली. “बरं,” म्हणाली. “मग नीट सांग.”

इतकी वर्षं तिला दोन-दोन ओळी लिहीत होते, पण अख्खं गाणं असं तोंडानं सांगायची वेळ कधी आली नव्हती. सुरुवातीला अडखळले. मग म्हटलं, पहिल्या गाण्यात बराच वेळ नुसती गिटार आहे, एकच सूर पुन्हा पुन्हा, कुणीतरी दार ठोठावून थांबावं तसा. ड्रम येतो तो आपण आशा सोडल्यावर. थोरल्याचा आवाज खाली उतरलाय. पूर्वी जिथं तो ओरडायचा ना, तिथं आता श्वास घेतो, आणि तो श्वास ऐकू येतो. तिसरं गाणं त्यांच्या आईवर असावं. त्यात पेटीसारखं काहीतरी वाजतं, लांबून, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं. दोन गाणी भरतीची आहेत, ती तू पुढं ढकलली असतीस. ती मधूनमधून नेमकं विचारत होती. बेस कुठं शिरतो, ठेका सरळ आहे की लंगडा. मी सांगत होते. तिचे हात थांबले होते.

“दोघं एकत्र गातात?”

“एकाच गाण्यात. शेवटच्या.”

“कसं जमलंय?”

“नाही जमलेलं नीट. एक जरा मागं पडतो.”

“कोण?”

“धाकटा.”

नलिनी हसली. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलेपर्यंत हसली. “तो कायमच मागं असायचा,” ती म्हणाली. “पहिल्या कॅसेटपासून. थोरला त्याच्यासाठी ओळ लांबवायचा. लांबवतो का अजून?”

मला आठवेना. मी पुन्हा इयरफोन घातले, ते गाणं लावलं, आणि त्या जागेपाशी येऊन थांबले. थोरला ओळ लांबवत होता. माझ्या पहिल्या ऐकण्यात ते निसटून गेलं होतं. मी मान हलवली. तिनं डोळे मिटले, आणि तिच्या तोंडून तो सूर आला. अर्धवट, थोडा चढलेला, पण तोच. तिला तो ऐकू येत नव्हता. मी ऐकला. मग ती डोळे पुसून उठली आणि कुकर लावायला आत गेली.

निघताना ती म्हणाली, आता रोज पाठवू नकोस, मला वाचून दमायला होतं. ते खरं नव्हतं, आणि दोघींना ते ठाऊक होतं. रविवारी एक लिही, म्हणाली, पण गाणं पाठवू नकोस, नुसतं सांग. मी हो म्हटलं. स्पीकर तिनं मला परत दिला नाही. विनोदला देईन म्हणाली.

स्टेशनवर थंडी होती तरी ती गाडी येईपर्यंत थांबली. मला खिडकीची जागा मिळाली. ती खाली फलाटावर गजांना धरून उभी राहिली, आणि आता आम्ही काय बोलावं या विचारात असतानाच पलीकडच्या रुळावरून मालगाडी घाटाकडे निघाली. डब्यामागून डबे, लोखंडाचा नुसता गडगडाट. त्याच वेळी माझीही गाडी हलली. नलिनी दोन पावलं बरोबर चालली आणि काहीतरी बोलली. एक लांबसं, पूर्ण वाक्य होतं. तिचे ओठ मला स्पष्ट दिसत होते, पण ओठ वाचायला मी कधी शिकले नव्हते. तिनं वाट बघितली. मी हसून मान हलवली, जणू सगळं ऐकू आलं. तिलाही ते पटलं असावं, कारण तिनं गजांवरचा हात सोडला.

आता बरेच रविवार झाले. मी दर वेळी एक गाणं लिहून पाठवते, ती प्रश्न विचारते, मी पुन्हा ऐकून उत्तर देते. त्या दिवशी ती काय म्हणाली होती, हे मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही.